डिसेंबरचं शेवाळ

बर्गे सर विजयमालाला आठ वर्षं 'बनसोडे' म्हणत आले. मिस्बाहला त्यांनी पहिल्याच भेटीत 'मिस्बाह' म्हटलं, आणि वर चहात साखर किती घालू तेही विचारलं.

एवढ्याशानं कुणी जळतं का? जळतं. ज्याच्या चहात कायम न विचारता साखर पडली, त्याला विचारा.

विजयमाला बनसोडे इस्लामपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. बाप धोंडीबा पलटणीतून निवृत्त होऊन साताऱ्यात राहिलेला. त्यांच्या वस्तीतली ती पहिली एम.एस्सी. नोकरी लागली तेव्हा 'कोट्यातनं आली' असं तिच्या तोंडावर कुणी बोललं नाही, पण सूक्ष्मदर्शकांच्या कपाटाची किल्ली तिला दोन वर्षं दिली नाही. मग तिनं ठरवलं, पीएच.डी. करायची, आणि ती अशा विषयात करायची की ह्यांच्यातल्या कुणाला तोंड घालता येऊ नये. समुद्री शैवालांत साताऱ्याचे बर्गे सर मोठे. ती त्यांच्याकडं गेली. सरांनी तिला कुणालाच नको असलेला विषय काढून दिला: कोकणच्या कातळावरचं प्रवाळी शेवाळ.

हे शेवाळ शेवाळासारखं दिसतच नाही. हिरवं नाही, बुळबुळीत नाही. ओहोटीला कातळ उघडा पडला की कुणीतरी त्याच्यावर गुलाबी डिस्टेंपर फासून ठेवलाय असं वाटतं. बोट लावलं तर दगड. आहे ते लाल शैवालांच्या कुळातलं, पण पेशींच्या भिंतींत चुना भरून घेतं, म्हणून असं टणक. जुन्या काळच्या विद्वानांनी तर त्याला पोवळ्याबरोबर प्राण्यांत ढकललं होतं. ॲसिडचा थेंब टाका, फसफसतं. चुना निघून जातो आणि खाली पेशींच्या रांगा उरतात, नीट, एकीला एक चिकटून. मग कळतं, ही वनस्पती आहे. तोवर सगळे त्याच्यावर पाय देऊन जातात. विजयमालाला ते शेवाळ पहिल्या दिवशीच आपलं वाटलं.

त्याचं नाव ठरवायला बाहेरून बघून भागत नाही. त्याच्या अंगात टाचणीच्या डोक्याएवढ्या पोकळ कुप्या असतात, बीजाणू तयार होतात ते तिथं. कुपीच्या छताला एकच छिद्र असलं तर घराणं एक. चाळणीसारखी पुष्कळ छिद्रं असली तर घराणं दुसरं. विजयमालाला दरवर्षी एकच छिद्र दिसलं. शेकडो कुप्या उघडल्या, एकच छिद्र. सरांनी मान डोलावली, तिनं नाव लावलं, आणि प्रबंध त्या एका छिद्रावर उभा राहिला.

दरवर्षी म्हणजे दर डिसेंबरात. कॉलेजची सहल तेव्हाच निघायची. सहामाही परीक्षा झाली की पंचांगात अमावस्या बघायची, कारण ओहोटी मोठी असते. करारावर एसटी घ्यायची, पोरं कोंबायची आणि रत्नागिरीची वाट धरायची. सर आयुष्यभर हेच करत आले, त्यांचे सरही हेच. एप्रिल-मेमध्ये कोण जाणार? परीक्षा, पेपर तपासणं, लग्नं. इकडच्या सगळ्या कॉलेजांना समुद्र डिसेंबरातलाच माहीत. बाकीचे अकरा महिने तो काय करतो ह्याची कुणी चौकशी केली नव्हती.

अशात चौऱ्याण्णवच्या जूनला मिस्बाह शिकलगार तासिका तत्त्वावर लागली. वय पंचवीस. बाप पीरमहंमद इस्लामपूरच्या बाजारात सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचा. डिपार्टमेंटात पातळ काप काढायचं एक जुनं यंत्र होतं, त्याची सुरी गंजून गेलेली. मिस्बाहनं ती बापाकडं नेली आणि अशी करून आणली की जोतिबानं तिच्यावर हाताचे केस उतरवून दाखवले. जोतिबा म्हणजे प्रयोगशाळेतला म्हातारा शिपाई.

"मॅडम, ही पोरगी लय पुढं जानार बघा," तो म्हणाला.

आणि म्हणाला कुणाला, तर विजयमालाला. त्याच बोथट सुरीवर आठ वर्षं काप काढणाऱ्या बाईला.

मिस्बाहला सरांकडं घेऊन गेली तीही विजयमालाच. वाटलं होतं, आपली विद्यार्थिनी म्हणून मिरवू. सरांनी पोरीची स्लाइड भिंगाखाली घेतली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "हात आहे तुझा, मिस्बाह." परतीच्या एसटीत मिस्बाह खिडकीला बसून शेंगा खात होती. "घ्या ना मॅडम." विजयमालानं घेतल्या नाहीत. कराड येईपर्यंत ती तोंडातल्या तोंडात 'हात आहे तुझा' घोळवत राहिली.

तिथून पुढं तिनं मिस्बाहला पहिल्या वर्षाची सगळी प्रॅक्टिकलं लावली, भर दुपारची. कपाटाची किल्ली मागितली तर म्हणाली, "माझ्याकडनं घेत जा आणि आणून देत जा." मिस्बाह घेत गेली, आणून देत गेली. तक्रार नाही. त्यानं विजयमाला जास्तच पेटायची. भांडली असती पोरगी तर बरं झालं असतं.

पंच्याण्णवच्या मेमध्ये प्रबंध साताऱ्याला टाइपिस्टकडं होता. जूनमध्ये द्यायचा होता. एका दुपारी प्रयोगशाळेत तिघंच होती. जोतिबा बाटल्या पुसत होता. मिस्बाह भिंगावरनं उठली.

"मॅडम, जरा बघता का?"

"काय आहे?"

"बघा ना तुम्हीच."

विजयमालानं डोळा लावला. कुपीचा उभा काप होता, इतका स्वच्छ की रागच आला. छताला छिद्रं होती. एक नव्हतं. चाळण होती. आणि एकेका छिद्राखाली एकेक लांबट पिशवी, तिच्यात चार बीजाणू, एकावर एक रचलेले. ज्याचं त्याचं दार वेगळं.

"कुठलं हे?"

"आपलंच. गेल्या अमावस्येला मेहरुनबी खालाकडं लग्न होतं ना, रत्नागिरीजवळ. हळद चालली होती, म्हटलं ओहोटी आहे, जाऊन यावं. ओढणीत छिन्नी गुंडाळून गेले. खाला म्हणली, पोरगी येडी झाली, लगीन सोडून दगड फोडाय गेली."

जोतिबा हसला. विजयमाला हसली नाही.

"दुसऱ्या जागचं असणार. सहलीच्या जागेचं नाही हे."

"तीच जागा मॅडम, मोठ्या कातळाची दर्याकडची बाजू. तुमच्या छिन्नीचे घाव आहेत अजून तिथं. घावांच्या कडेनं नवीन गुलाबी चढलंय, नखाएवढं." मिस्बाहनं एक दगड पुढं सरकवला. "आणि हे बघा. ह्या कोपऱ्यात एका छिद्राची कुपी, ही मादी. मधे ही जराशी उचललेली शीव दिसते का? शीव ओलांडली की चाळण. पेशी मापल्या मी दोन्हीकडच्या. फरक नाही. एकच जात आहे, मॅडम."

पुढचं विजयमालाला कुणी सांगायला नको होतं.

लाल शैवालाचा संसार सरळ नसतो. नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं, आणि चार-चार बीजाणू देणारं तिसरंच. बाहेरून तिन्ही सारखीच गुलाबी. नर-मादीच्या कुपीला सगळ्याच घराण्यांत एकच छिद्र असतं, त्यावरून काही ठरत नाही. ठरतं ते तिसऱ्या झाडाच्या कुपीवरून. विजयमाला हे दरसाल फळ्यावर शिकवायची. पण डिसेंबरात त्या कातळावर तिसऱ्या झाडाची कुपी भरतच नसणार. एका छिद्राच्या काही रिकाम्या कुप्या मिळायच्या. चार बीजाणू ह्यातनंच पडून गेले असतील, असं तिनं धरून चाललं. आठ वर्षं ती नवरा-बायको बघून घराण्याचं नाव लावत बसली होती, आणि नाव चुकलं होतं. घराणंच दुसरं.

"काप तिरका गेलाय," ती म्हणाली. "तिरक्या कापात कशीही छिद्रं दिसतात."

"एक जाईल मॅडम तिरका. सगळेच कसे जातील?"

"मला शिकवू नकोस."

"न्हाई, तसं न्हाई. सरांना दाखवूया का? ते सांगतील."

"मी दाखवते. शनिवारी जाणारच आहे."

"मी पण येते."

"तुझे पेपर राहिलेत तपासायचे." आणि विजयमालानं स्लाइडी उचलल्या, दगड उचलला, कपाटात ठेवलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

शनिवारी ती साताऱ्याला गेली ती मोकळ्या हातानं. स्लाइडी नेल्याच नाहीत. एसटीत तिनं सगळं जुळवून ठेवलं होतं. पोरगी हुशार आहे पण उतावळी आहे. नमुने मिसळते. लग्नाला गेली होती आणि तिथनं काहीतरी उचलून आणलं. तिला सांध्यांचं प्रवाळी शेवाळ द्या, झुडपासारखं असतं ते, सोपं पडेल. कातळाला पापुद्र्यासारख्या चिकटलेल्या ह्या शेवाळाला तिला हात लावू देऊ नका.

सर पडवीत आरामखुर्चीत होते. चहा आला, साखर पडलेलीच होती. विजयमालानं जुळवलेलं सगळं एका दमात सांगितलं. सर डोळे मिटून ऐकत होते.

"चाळण दिसली का तिला?" त्यांनी विचारलं.

चाळणीचं विजयमाला अजून बोललीच नव्हती.

"तुम्हाला कसं..."

"तुझ्या स्लाइडींत चार बीजाणू कधी नव्हतेच, बनसोडे. एकदाही नाही. मला शंका होती."

"मग बोलला का नाही, सर?"

"बोलून काय करणार होतीस? सगळं मोडून परत सुरू करणार होतीस?" सर खरोखरच मायेनं बोलत होते, आणि तेच सहन होण्यासारखं नव्हतं. "परीक्षक दोघंही माझ्या ओळखीचे आहेत. कुणी कुपी उघडून बघत नाही. तुम्हा लोकांना पदवीची गरज असते, मी समजू शकतो. ती मिळेल तुला. जूनमध्ये प्रबंध दे आणि मोकळी हो. पुढचं मिस्बाह बघेल. तिला पदवीशी देणंघेणं नाही. तिला शेवाळ पाहिजे."

तुम्हा लोकांना. असं म्हणाले. आठ वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले.

ह्याचा राग तिला यायचा होता, आणि तो पुढं आयुष्यभर पुरला. पण त्या घटकेला पडवीत राग मागं राहिला आणि पुढं आली ती जळजळ. सरांनी वाटणी करून टाकली होती. हिला कागद, तिला शेवाळ. खोटं हिच्या नावावर, खरं तिच्या. आणि ही वाटणी त्यांनी आज केली नव्हती. मिस्बाह यायच्या आधीपासून त्यांनी ते खरं कुणासाठी तरी राखून ठेवलं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे विजयमाला नाही एवढं मात्र पक्कं होतं.

"प्रबंध देत नाही मी," ती म्हणाली.

सरांनी डोळे उघडले. "डोकं फिरलंय का? मुदत संपत आली तुझी."

"वाढवून घेईन."

"कशासाठी?"

"शेवाळ माझं आहे."

"शोधलंय मिस्बाहनं."

"शोधलं असेल. खरवडलंय मी."

"बनसोडे, ही ईर्ष्या झाली."

"व्हय," विजयमाला म्हणाली. "ईर्ष्याच हाय." आणि चहा तसाच ठेवून उठली.

टाइपिस्टकडनं तिनं सगळा गठ्ठा उचलला. तो बिचारा म्हणत होता, मॅडम, शेवटचं प्रकरण झालंच आहे, बांधणीला देतो. ती म्हणाली, बांधू नका.

सोमवारी प्रयोगशाळेत पाय ठेवला तर मिस्बाह कपाटासमोर उभीच होती. आज तोंड वेगळं होतं.

"मॅडम, किल्ली."

"सरांशी बोलले मी."

"किल्ली द्या आधी. माझ्या स्लाइडी आहेत आत. तुम्ही नेल्याच न्हाई. जोतिबाकाकांनी काचेतनं बघितल्या."

जोतिबानं मान खाली घातली.

"स्लाइडींची काच कॉलेजची आहे," विजयमाला म्हणाली.

"मग माझ्या अब्बांची धार हाय ती काढून देऊ का परत? देते की. बसा गंजक्या सुरीवर."

"आवाज कमी कर."

"कशाला कमी करू? वरीसभर कमीच केला होता. दुपारची प्रॅक्टिकलं घेतली, किल्लीसाठी मागं मागं फिरले. मला वाटलं, मॅडम कडक आहेत, चालायचंच. तुमी तर माझं शेवाळच गिळाय निघालात!"

"तुझं?"

"मग कुणाचं?"

"आवं मॅडम," जोतिबा मधे पडला, "पोर म्हनती ते खोटं न्हाई."

"तुमी गप बसा हो!" दोघी एकदमच म्हणाल्या.

विजयमालानं किल्ली काढली. मिस्बाहच्या हातात दिली नाही, टेबलावर टाकली. मग सरांनी काय म्हटलं ते सगळं सांगितलं, 'तुम्हा लोकांना' सकट. मिस्बाह ऐकताना हळूहळू स्टुलावर बसली.

"म्हंजे त्यांना ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि मला ते 'हात आहे तुझा' म्हणाले ते..."

"ते खरं होतं," विजयमाला म्हणाली. "प्रबंध मी मागं घेतलाय. नव्यानं लिहिणार. चाळणीसकट."

"माझ्या चाळणीसकट?"

"तुझ्या लग्नातल्या दगडावर मी विसंबणार नाही. महिनाअखेरीला अमावस्या आहे, पाऊस लागायच्या आत एवढीच. मी जाणार आणि माझ्या हातानं काढणार."

"मी पण येणार."

"ये की. कातळ काय माझ्या बापाचा हाय?"

"मगाधरनं तसंच बोलताय."

जोतिबा खोकला. मिस्बाहनं किल्ली उचलली, कपाट उघडलं, स्लाइडी उजेडाला धरून एकेक तपासली, जणू कुणी चाटून ठेवल्या असाव्यात.

"आधी शोधनिबंध लिहायचा ह्याच्यावर," ती पाठमोरीच म्हणाली. "नावं दोघींची. पहिलं कुणाचं?"

"माझं."

"का?"

"आठ वर्षं चुकले म्हणून."

"आणि मी एका दिवसात बरोबर आले, त्याचं काय?"

विजयमालानं छिन्नी उचलून पिशवीत टाकली. ती म्हणाली, "तिथं गेल्यावर बघू. ज्याचा नमुना चांगला, त्याचं नाव पहिलं."

"ठरलं," मिस्बाह म्हणाली, इतक्या पटकन की विजयमालाला लगेच पश्चात्ताप झाला.

महिन्याच्या शेवटी तिघं रत्नागिरीच्या एसटीत बसली. जोतिबाला बादल्या सांभाळायला घेतलं होतं, त्यानं जन्मात पहिल्यांदा मेमधला समुद्र बघितला आणि म्हणाला, "ह्यो तर खवाळलाय की." खरंच खवळला होता. डिसेंबरात हे पाणी ताटात वाढल्यासारखं पडून असतं. आता लाटा दुरूनच अंग फुगवून येत होत्या. मेहरुनबी खाला दारातनंच ओरडली, "लवकर या गं, पाणी फिरलं की थांबत न्हाई ते!"

दोघी कातळावर उतरल्या. मिस्बाह चपला काढून सरसर खाली गेली, पोरीच्या पायाला भीती ठाऊक नव्हती. विजयमाला साडी खोचून मागनं, हातानं आधार घेत. कातळभर गुलाबी पसरलं होतं, डिसेंबरपेक्षा गडद. ती गुडघ्यावर बसली, भिंग डोळ्याला लावलं. एकेक उंचवटा बघत गेली. एक छिद्र. एक छिद्र. पुन्हा एकच. मग एका घळीच्या सावलीत एक फुगीर ठिपका दिसला, आणि त्याच्यावर, सुईनं टोचून काढल्यासारखी, चाळण.

इतकी वर्षं ती ह्याच घळीवरनं पाय टाकून गेली होती. तिनं बोटानं तो ठिपका चाचपला. ह्या क्षणी जगात दुसरं कुणी नव्हतं, सर नव्हते, कोटा नव्हता, काही नव्हतं.

मग तिनं मान वर केली आणि मिस्बाह दिसली. पार खाली, जिथं कातळ संपून पाणी सुरू होतं तिथं, पोटरीएवढ्या पाण्यात वाकून ती छिन्नी चालवत होती, आणि तिच्या पायाशी गुलाबी नुसतं माजलं होतं, बोटभर जाड, उंचवट्यांनी भरलेलं. झालं. घळीतला ठिपका एकदम दरिद्री वाटाय लागला. विजयमालानं तो दोन घावांत काढला, पिशवीत टाकला आणि साडी आणखी वर खोचून खाली निघाली.

"मॅडम, इकडं कशाला? घसरडं आहे."

"कळतंय मला."

"तुम्हाला मिळालं का वर?"

"मिळालं. तुला?"

"मिळालंय. लय आहे."

"मग हो की वर. पाणी फिरलंय."

"तुम्ही व्हा पुढं. मी एवढा तुकडा काढते."

"मी पण एक तुकडा काढते."

दोघी हातभर अंतरावर वाकल्या आणि ठोकू लागल्या. एक लाट आली, गुडघ्यापर्यंत भिजवून गेली. दुसरी मांडीपर्यंत. वरनं जोतिबा बादली हलवत बोंबलत होता, "आवं मॅडम! ए पोरी! वर या की आता, शेवाळ काय पळून चाललंय व्हय?"

"जा म्हणते ना मिस्बाह!"

"तुम्ही जा, मग मी जाते!"

"मी गेले की तू चांगला तुकडा काढशील!"

"आणि मी गेले की तुम्ही!"

तिसरी लाट कमरेला लागली. विजयमालाचा पाय सुटला. पडू नये म्हणून तिनं मिस्बाहच्या पिशवीचा बंद घट्ट धरला, आणि पाय पुन्हा रोवल्यावरही सोडला नाही. पोरगी तिच्या आधी वर जायला नको होती, आणि तिच्या मागं इथं राहायलाही नको होती.